एका नावेतली मुले

वर्गाच्या भिंतीवर जगाचा नकाशा टांगला, की मुलांना जगाची ओळख होते, असा आपला भाबडा समज असतो. पण नकाशावर देश दिसतात, माणसे दिसत नाहीत. हे ओळखून वेगळी वाट धरणारा एक शिक्षक विसाव्या शतकात होऊन गेला. त्यांचे नाव कुर्ट हान.

हान यांचा जन्म १८८६चा, बर्लिनमधल्या ज्यू घराण्यातला. १९२०मध्ये त्यांनी दक्षिण जर्मनीत सालेम येथे शाळा उभी केली. हिटलरला उघड विरोध केला म्हणून १९३३मध्ये त्यांना अटक झाली. सुटकेनंतर त्यांनी मायदेश सोडला आणि ब्रिटनचा आश्रय घेतला.

१९५५मध्ये पॅरिसच्या नाटो संरक्षण महाविद्यालयात त्यांना एक नवल दिसले. दहा वर्षांपूर्वी एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या देशांचे अधिकारी तिथे एकत्र काम करीत होते. प्रौढांना जे साधते, ते मने घट्ट होण्याआधी, सोळाव्या-सतराव्या वर्षीच का साधू नये? या प्रश्नातून १९६२मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर, सेंट डोनॅट्स या जुन्या किल्ल्यात अटलांटिक कॉलेज सुरू झाले.

श्रोतेहो, तिथला खरा पाठ वर्गाबाहेर, समुद्रावर होता. किनारा खडकाळ, भरती-ओहोटी जबरदस्त. १९६३पासून तिथे जीवरक्षक नौकांचे केंद्र होते आणि नौकेवर विद्यार्थीच असत. पहिले प्राचार्य, निवृत्त नौसेनाधिकारी डेस्मंड होअर यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून रबरी फुगीर कडांची, टणक तळाची नौका घडवली. तिचे पेटंट त्यांनी जीवरक्षक संस्थेला अवघ्या एका पौंडात देऊन टाकले. आज अशा नौका जगभर वापरल्या जातात. बुडणाऱ्याला ओढून घेताना शेजारचा हात कोणत्या देशाचा, हे कोण विचारतो?

हा विचार पुढे पसरला. वर्णद्वेषाला उत्तर म्हणून १९६३मध्ये स्वाझीलँडमध्ये, म्हणजे आजच्या इस्वातिनीत, वॉटरफर्ड ही सर्व वर्णांची शाळा निघाली होती. नेल्सन मंडेला तुरुंगात असताना त्यांच्या मुली तिथे शिकल्या. ती शाळा १९८१मध्ये या ‘युनायटेड वर्ल्ड कॉलेज’ परिवारात आली. १९९७मध्ये आपल्या पुणे जिल्ह्यात, मुळशीच्या डोंगरात महिंद्र कॉलेज उभे राहिले. २००६मध्ये बोस्नियातल्या मोस्तार या युद्धाने दुभंगलेल्या शहरात असेच कॉलेज निघाले. ज्या जुन्या शाळेच्या इमारतीत ते भरले, तिथे क्रोएट आणि बोस्नियाक मुले एका छपराखाली, पण वेगवेगळ्या अभ्यासक्रमांनी शिकत होती. एकाच छपराखाली बसणे आणि एकत्र शिकणे यांत केवढे अंतर असते, ते इथे दिसते.

अशा शाळा मोजक्याच आहेत आणि त्यांचा खर्चही मोठा आहे. शिष्यवृत्त्या असल्या तरी लाखो मुलांना हे दार उघडणार नाही. पण त्यांचे मर्म पैशात नाही. साने गुरुजींनी ‘आंतरभारती’चे स्वप्न पाहिले, तेव्हा एका प्रांताच्या मुलांनी दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, तिथल्या घरी राहावे, एवढेच त्यांचे साधे मागणे होते. आपल्या शाळांच्या वर्गांतही आज परप्रांतातून आलेल्या मजुरांची मुले बसतात. त्यांच्याबरोबर एखादे अवघड काम खांद्याला खांदा लावून करणे, ही जगाच्या ओळखीची पहिली इयत्ता आहे. तिला विमानाचे तिकीट लागत नाही.