बडोद्याचे कलाभवन

आपल्याकडे अभियांत्रिकी शिक्षणाच्या इतिहासाची गोष्ट निघाली की सुरुवात पुण्यापासून होते, आणि ते योग्यच आहे. १८५४ साली पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला, त्याचे पुढे महाविद्यालय झाले. विश्वेश्वरय्या १८८३ मध्ये तिथूनच बाहेर पडले. पण त्या शिक्षणामागचा हिशेब उघड होता. सरकारच्या बांधकाम खात्याला रस्ते, पूल आणि कालवे यांच्या कामावर माणसे हवी होती. आज मला सांगायचे आहे ते दुसऱ्या एका शाळेविषयी. खात्याला माणसे पुरवण्यासाठी नव्हे, तर कारखाने उभे राहावेत म्हणून ती काढली गेली. ती शाळा म्हणजे बडोद्याचे कलाभवन.

१८९० साली ते सुरू झाले. सयाजीराव गायकवाड त्या वेळी जेमतेम सत्तावीस वर्षांचे होते. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा हा शेतकऱ्याचा मुलगा १८७५ मध्ये दत्तक म्हणून गादीवर आला. १८८७ मध्ये तो युरोपच्या प्रवासाला गेला. नावातल्या ‘कला’ या शब्दाने गोंधळ होऊ नये. इथे कला म्हणजे हुन्नर. रंगकाम, विणकाम, सुतारकाम आणि यंत्रकाम असे विषय तिथे शिकवले जात, आणि रेखनाला मोठे महत्त्व होते.

या शाळेचा खरा प्राण होते त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. ते मूळचे सुरतचे आणि बडोदा कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक. गज्जर म्हणजे सुतार. ज्या काळात कॉलेज शिकलेला माणूस हाताला तेल लागू देत नसे, त्या काळात सुतार घराण्यातला हा प्राध्यापक कलाभवनाचा प्रमुख झाला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. (मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला १८९६ मध्ये डांबर फासले गेले होते. आपणच ते फासल्याचे दामोदर चापेकरांनी पुढे सांगितले. जाणकारांनी हात टेकल्यावर तो पुतळा स्वच्छ करून दिला तो याच गज्जरांनी. लोकांच्या लक्षात ते राहिले ते बहुतेक या कामामुळे!)

रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाचा कारखान्याशी काय संबंध, असे कुणी विचारील. त्यासाठी त्या वेळच्या रंगाऱ्याकडे पाहायला हवे. मंजिष्ठाच्या मुळापासून लाल रंग काढायचा, तुरटीने तो सुतावर पक्का बसवायचा, ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या घरात चालत आली होती. १८६९ मध्ये तोच लाल रंग प्रयोगशाळेत बनवण्याची रीत सापडली, आणि मंजिष्ठाचा धंदा बसला. १८९७ मध्ये कृत्रिम नीळ जर्मनीतून बाजारात आली. आता रंग डब्यातून येऊ लागला. त्याचे वजन किती घ्यायचे, पाणी किती तापवायचे, कपडा कुठे फिका पडतो आणि का पडतो, हे आजोबांच्या अनुभवातून कळण्यासारखे राहिले नाही. आणि नुसत्या पुस्तकातूनही ते कळणारे नव्हते. रंगाच्या कुंडात हात घालणाऱ्यालाच रसायनशास्त्र यायला हवे होते. गज्जरांनी हे नेमके ओळखले.

म्हणूनच कलाभवनात शिकवणे देशी भाषेतून होते. कारागिराच्या मुलाने आधी पाच-सात वर्षे इंग्रजीत घालवावीत आणि मग रंधा हातात धरावा, हे त्यांना मान्य नव्हते. शास्त्रीय संज्ञांना देशी प्रतिशब्द बसवण्याच्या आणि देशी भाषांत पुस्तके करून घेण्याच्या कामालाही त्यांनी हात घातला.

मी स्वतः यंत्र अभियांत्रिकी शिकलो, तेव्हा पहिल्या वर्षी आम्हाला लोखंडाची एक पट्टी मिळाली. व्हाइसमध्ये पकडून तिच्या कडा कानशीने घासायच्या आणि गुण्या लावून फटीतून उजेड दिसतो का ते पाहायचे. तीन-चार आठवडे तेवढेच काम. उजेड दिसला की मिस्त्री काही न बोलता पट्टी परत देत. काटकोन म्हणजे काय ते मला तिथे कळले. पण त्या तासांना गुण थोडे होते, आणि वसतिगृहात रात्री काचेखाली दिवा लावून एकमेकांच्या शीट उतरवून घेण्याची, म्हणजे ‘जीटी’ मारण्याची, पद्धत जोरात होती. मिस्त्रींना ‘सर’ म्हणत नसत, ही गोष्ट त्याहून अधिक बोलकी आहे.

गज्जर पुढे मुंबईला गेले. त्यांच्या शिष्यांपैकी कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांनी त्यांच्यासह १९०७ मध्ये अ‍ॅलेंबिक ही कंपनी उभी केली. म्हणजे शाळेतून कारखाना निघाला. १९४९ मध्ये बडोद्याला विद्यापीठ झाले आणि कलाभवन त्याची तंत्रज्ञान-अभियांत्रिकी शाखा बनले. पदवी मिळू लागली, प्रतिष्ठा वाढली. पण कारागिराच्या मुलाला त्याच्याच भाषेत दार उघडे ठेवणारी जागा होती, ती त्या बदलात गेली. २०२१ मध्ये मराठीसह भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला परवानगी मिळाली, तेव्हा त्याचे नवलाईने स्वागत झाले. बडोद्यात तो प्रयोग सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच झाला होता. मात्र तिथे भाषा आणि कर्मशाळा एकत्र होत्या. आजच्या चर्चेत मला भाषेबद्दलच जास्त ऐकू येते.

कलाभवनाच्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत त्र्यंबकेश्वरचा एक तरुण होता. तो तिथे चित्रकला शिकला, छायाचित्रण शिकला, इमारतींचे आराखडे आणि प्रतिकृती करायला शिकला. गज्जरांनी त्याला तीन रंगांचे ठसे बनवण्याचे तंत्र शिकायला रतलामला पाठवले. हा तरुण म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन दादासाहेब परतले, तेव्हा भांडवल उभे करण्यासाठी त्यांनी आधी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेका चौकटीने टिपून मिनिटभराचा चित्रपट केला. ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे घरातच होत. त्यात सरस्वतीबाईंचा हात होता, आणि ते काम त्यांना शिकवले होते दादासाहेबांनी.