भुयारी रेल्वेची प्रदक्षिणा

शर्यत म्हटली की धावणाऱ्या माणसांचे किंवा घोड्यांचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. स्पर्धकाने आपला वेग वाढवावा आणि इतरांना मागे टाकावे, हा तिचा सर्वमान्य अर्थ होय. परंतु न्यूयॉर्क शहरात गेली कित्येक दशके एक अशी शर्यत चालत आली आहे, की जिच्यात स्पर्धकाला गाडीचा वेग तसूभरही वाढवता येत नाही. तेथील भुयारी रेल्वेचे सारे जाळे, एकही स्थानक न वगळता, कमीत कमी वेळात पालथे घालावयाचे, एवढेच तिचे स्वरूप. गाडी हाकणारा निराळा, वेळापत्रक आखणारा निराळा; स्पर्धकाच्या हाती काय ते योग्य गाडी निवडणे आणि फलाटावर तिची वाट पाहणे.

ही हौस कोठून उगम पावली, हे समजून घेण्यासाठी त्या रेल्वेच्या पूर्वेतिहासाकडे वळावे लागते. न्यूयॉर्कची पहिली भुयारी रेल्वे २७ ऑक्टोबर १९०४ रोजी सुरू झाली. कोठूनही कोठेही जा, भाडे पाच सेंट, असा तिचा शिरस्ता होता. पुढे इंटरबरो आणि ब्रुकलिन-मॅनहॅटन या दोन खाजगी कंपन्यांचे मार्ग शहरभर पसरले आणि १९३२ मध्ये शहराने स्वतःची तिसरी रेल्वे सुरू केली. तिघींचे मार्ग कोठे एकमेकांना छेदत, कोठे समांतर धावत. कारभार मात्र वेगवेगळा. पहिल्या महायुद्धानंतर महागाई वाढली, पण कराराने बांधलेले पाच सेंटांचे भाडे वाढेना. कंपन्या डबघाईला आल्या आणि अखेर जून १९४० मध्ये शहराने दोघींचेही मार्ग विकत घेतले.

या हस्तांतराच्या तोंडावरच हर्मन रिंके नावाच्या एका रेल्वेवेड्या गृहस्थाने पंचवीस तासांहून अधिक काळ गाड्या बदलत सारे जाळे पुरे केले. अशी प्रदक्षिणा करणारा तो पहिला मनुष्य मानला जातो. त्याला कोणाशीही स्पर्धा करावयाची नव्हती. ज्या कंपन्यांच्या गाड्यांवर त्याचा जीव होता, त्या नाहीशा होण्यापूर्वी त्यांचा निरोप घ्यावा, एवढाच त्याचा हेतू. तो अनाठायी नव्हता. रस्त्यावर उभारलेल्या खांबांवरून धावणाऱ्या नाइन्थ अ‍ॅव्हेन्यूच्या जुन्या लोहमार्गाचा बहुतेक भाग त्याच जून महिन्यात बंद झाला, आणि १९५५ मध्ये मॅनहॅटनमधील थर्ड अ‍ॅव्हेन्यूचा तसाच मार्गही गेला.

निरोपाच्या या फेरीला शर्यतीचे रूप आले ते पुढे, १९६६ च्या सुमारास. मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेच्या परिवारातील पीटर सॅमसन याने या प्रवासाचे नियम लिहून काढले आणि त्याचे निरनिराळे वर्ग पाडले. एका वर्गात प्रत्येक स्थानकावर गाडी थांबलीच पाहिजे. दुसऱ्यात ती स्थानकातून न थांबता गेली तरी चालते. नियम आले, तशी गणिताची गाठही पडली.

हे गणित जुनेच आहे. कोनिग्सबर्गचे सात पूल, प्रत्येकी एकदाच ओलांडून, फिरता येतील काय, या कोड्याचा उलगडा ऑयलर या गणितज्ञाने १७३६ च्या निबंधात केला. ज्या ठिकाणी विषम संख्येने वाटा मिळतात, अशी ठिकाणे दोहोंपेक्षा अधिक असतील, तर काही वाटा पुन्हा तुडवल्यावाचून गत्यंतर नाही, असा त्याचा निष्कर्ष. रेल्वेच्या टोकाच्या स्थानकाला वाट एकच, म्हणजे विषमच. आणि न्यूयॉर्कमध्ये अशी टोके पुष्कळ आहेत. जमेका उपसागर ओलांडून रॉकअवेकडे जाणारा मार्ग पुढे दोन दिशांना फुटतो. त्यांपैकी एका टोकाला पोहोचलेल्या प्रवाशाला आल्या वाटेने परतण्यावाचून इलाज नसतो. म्हणूनच अनेकजण प्रवासाचा आरंभ किंवा शेवट अशा दूरच्या टोकाशी करतात.

१९६७ मध्ये सॅमसन आणि त्याचे सोबती या कामी गणकयंत्र घेऊन उतरले. गाडीतील मंडळींची खबर दूरध्वनीवरून कळवली जाई आणि पुढची वाट यंत्र सांगे. तरीही सारे जाळे पुरे करण्यास सुमारे सव्वीस तास लागलेच. यंत्राला वाट शोधता येते; उशीर झालेली गाडी लवकर आणता येत नाही.

लंडनमध्येही, जेथे १८६३ मध्ये जगातील पहिली भुयारी रेल्वे धावली, ही शर्यत लोकप्रिय आहे. परंतु तेथे बहुतेक मार्ग रात्री बंद होतात; त्यामुळे पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत काय ते साधावे लागते. न्यूयॉर्कच्या गाड्या रात्रभर चालतात. तेथे झोप हीच खरी प्रतिस्पर्धी.

न्यूयॉर्कचे विक्रमही मोठे बोलके आहेत. १९८९ मध्ये केव्हिन फॉस्टर याने २६ तास २१ मिनिटांत सर्व स्थानके गाठली, आणि हा विक्रम सतरा वर्षे अबाधित राहिला. डिसेंबर २००६ मध्ये सहा जुन्या शाळासोबत्यांनी तो २४ तास ५४ मिनिटांवर आणला. जुलै २०१६ मध्ये ४६९ स्थानके २१ तास २८ मिनिटांत पुरी झाली. पण १ जानेवारी २०१७ रोजी सेकंड अ‍ॅव्हेन्यूखाली तीन नवी स्थानके उघडली, आणि कालपर्यंत ज्याने सारे जाळे पाहिले होते, त्याचे पाहणे त्या दिवसापासून अपुरे ठरले.

या शर्यतीचे मर्म येथेच आहे. धावण्याच्या शर्यतीत शंभर मीटर हे शंभर मीटरच राहतात. येथे मैदानच वाढते, आखडते. म्हणून येथील प्रत्येक विक्रम हा त्या त्या वर्षीच्या शहराची नोंद असतो. शिवाय या प्रदक्षिणेत धनाढ्यांच्या वॉल स्ट्रीटचे आणि समुद्रकाठच्या शेवटच्या स्थानकाचे मोल सारखेच. एक जरी राहिले, तरी सारा प्रवास व्यर्थ. एरव्ही आपल्या घरापासून कामापर्यंतची आठ-दहा स्थानकेच ज्याला ठाऊक, अशा नगरवासीयाला आपले शहर केवढे आहे याची जाणीव असा प्रवास करून देतो. घड्याळ हाती न धरता निघालेल्या रिंकेने ती सर्वांच्या आधी अनुभवली. आणि त्याने निरोप घेतलेल्या मार्गांपैकी काहींवर पुन्हा कधीच गाडी धावली नाही.