चुडाव्याचे स्टेशन आणि राज्यांचे हक्क

संघराज्याचा पाठ कलमांपासून आरंभला की मुले जांभया देतात, हा आमचा अनुभव आहे. म्हणून चुडाव्याच्या मुलांना शिकवताना आम्ही पूर्णा-नांदेड मार्गावरील त्यांच्या लहानशा स्टेशनापासून सुरुवात करतो. रूळ कोणाचे? केंद्राचे. गावात चोरी झाली तर पंचनामा कोण करणार? राज्याचे पोलीस. १९४८ च्या उन्हाळ्यात मात्र रूळही निजामाचे आणि पोलीसही निजामाचे. बाजारात हाली शिक्का चाले, सुमारे सात हालीला सहा कलदार.

त्याआधी, २९ नोव्हेंबर १९४७ रोजी, निजामाने भारताशी एका वर्षाचा जैसे थे करार केला होता. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार व दळणवळण यांची जुनी व्यवस्था तशीच चालावी, वाद उठल्यास लवाद नेमावा, असे त्यात ठरले. पुढे हैदराबादने भारतीय चलनावर बंदी घातली, पाकिस्तानला वीस कोटींचे कर्ज देऊ केले. भारताने मालाची कोंडी केली. करार कोणी मोडला, यावर दोन्ही पक्षांनी पुष्कळ शाई खर्चिली. इकडे रझाकारांच्या जुलमाने माणसे गावे सोडून सरहद्दीपलीकडे जात होती. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा शिरल्या. १७ ला निजाम शरण आला.

या मोहिमेला ‘पोलीस कारवाई’ म्हणतात. या दोन शब्दांवर आम्ही मुलांना थांबवतो. गेले ते रणगाडे, मग पोलीस कसे? हैदराबादने तक्रार सुरक्षा परिषदेकडे नेली होती. भारत म्हणे, हे घरातले प्रकरण. ‘पोलीस’ हे नाव स्वीकारले की निम्मा वाद तेथेच निकालात निघतो.

आणखी एक गोष्ट सांगावी लागते. कारवाईनंतर मुसलमान रयतेवर जे अत्याचार झाले, त्यांची पाहणी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली. समिती केंद्रानेच पाठविली, अहवालही केंद्रानेच दशकानुदशके झाकून ठेवला! मुक्तिसंग्रामात झिजलेल्यांची घरे याच मुलखात आहेत. त्यांच्या नातवंडांपुढे हे बोलताना आम्हांला जड जाते. तरी बोलतो.

मग येतो आजचा वाद. आता राज्याला केंद्राविरुद्ध वा शेजारी राज्याविरुद्ध घटनेच्या १३१ व्या कलमाने सर्वोच्च न्यायालयात जाता येते. महाराष्ट्राने सीमाप्रश्नावर २००४ साली असाच दावा लावला. वीस वर्षे उलटूनही तो तुंबून राहिला, हे ऐकून मुले हसतात, आणि एखादा विचारतोच, “गुरुजी, मग फौज बरी की कोर्ट?”