बंद कारखान्यात नाळ पुरलेलं खातं

डिसेंबर १९६३. इंडियाना राज्यातल्या साउथ बेंडमधला स्टुडबेकर मोटारींचा कारखाना बंद पडला. पेन्शन फंडात सगळ्यांना पुरेल एवढा पैसा नव्हता. साठी गाठलेल्यांना पूर्ण पेन्शन मिळालं. चाळिशी-पन्नाशीतल्या चार हजारांवर कामगारांच्या हातावर हक्काच्या डॉलरमागे सुमारे १५ सेंट टेकवले गेले. आयुष्यभराची मेहनत, आणि १५ सेंट! अमेरिकेत आज ‘सेल्फ-डायरेक्टेड आयआरए’ या वैयक्तिक निवृत्ती खात्यातून घरं घेतली जातात, त्या खात्याची नाळ तिथे पुरलेली आहे.

२ सप्टेंबर १९७४ ला राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी, अशी पेन्शनं बुडू नयेत म्हणून केलेल्या ‘एरिसा’ कायद्यावर सही केली. त्याच कायद्यानं कंपनीचं पेन्शन नसलेल्याला स्वतःचं निवृत्ती खातं, म्हणजे आयआरए, मिळालं. भरणा वर्षाला जास्तीत जास्त १,५०० डॉलर. पैसा कुठे गुंतवावा हे कायद्यानं सांगितलं नाही, कुठे नाही तेवढं सांगितलं. आयुर्विमा नाही, १९८१ च्या दुरुस्तीनं चित्रं, जुन्या दुर्मीळ वस्तूही नाहीत. जमीन-घरांना मनाई कधीच नव्हती. बँका आणि दलाल मात्र ठेवी, शेअर, फंड एवढंच पुढे करत. घराचे कागद सांभाळायला ज्या कस्टोडियन (खातं सांभाळणाऱ्या) संस्था तयार झाल्या, त्यांच्याकडच्या खात्यांना ‘सेल्फ-डायरेक्टेड’ हे नाव चिकटलं.

आपल्याकडे पीएफमधून पैसे काढून बांधलेलं घर आपलं असतं. तिथे घर खात्याचं. खरेदीखतावर कस्टोडियनचं नाव, ‘अमुक यांच्या खात्याकरिता’ म्हणून. भाडं खात्यात, प्लंबरचं बिल खात्यातून. आपण, जोडीदार, आईवडील, मुलं, सुना-जावई, कुणीही तिथे एक रात्रही राहायचं नाही. नियम मोडला तर त्या वर्षाच्या १ जानेवारीपासून खातंच संपलं असं धरतात. जाच वाटतो, पण म्हातारपणाचा पैसा आज वापरला जाऊ नये म्हणून तो हवाच. मला धास्ती वेगळीच वाटते: साउथ बेंडच्या कामगारांचं म्हातारपण एका कंपनीवर टांगलेलं होतं, इथे ते एका छपरावर टांगलं जातं.

पारंपरिक खात्यातून, म्हणजे पैसे काढताना कर लागतो अशा आयआरएतून, आता ७३ व्या वर्षापासून दरवर्षी ठरावीक रक्कम काढावीच लागते. घराच्या चार विटा कशा काढणार? खात्यात रोकड नसेल तर घराचा थोडाथोडा हिस्सा कागदोपत्री आपल्या नावावर करून घेतात. सगळं घर असं बाहेर आलं, त्यावरचा कर भरला, की मालक पहिल्यांदा आत राहायला जाऊ शकतो.