भाद्रपदातला बर्फ

भाद्रपद म्हटला की आपल्याला गौरी-गणपती आणि उतरणीला लागलेला पाऊस आठवतो. काश्मीरच्या खोऱ्यात मात्र तुंजीन राजाच्या काळी भाद्रपदात बर्फ पडला, पिकू लागलेले भात त्याखाली गाडले गेले आणि भीषण दुष्काळ ओढवला, असे कल्हण 'राजतरंगिणी'त सांगतो. कल्हणाने हा ग्रंथ ११४८-४९ साली लिहिला. तुंजीनाची कथा त्याच्याही फार आधीची, दंतकथेच्या जवळ जाणारी. त्यामुळे तिला आपण हवामानाची नोंद म्हणणार नाही. पण खोऱ्यातला शेतकरी कशाला भीत असे, हे तिच्यातून कळते.

या भीतीचे कारण नकाशात सापडते. खोऱ्याच्या नैर्ऋत्येला पीर पंजालची रांग आहे. मोसमी वाऱ्यांचे बरेचसे पाणी तिच्या पलीकडच्या उतारावरच पडते. श्रीनगरला वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस-बर्फ मिळतो. त्यातला मोठा वाटा हिवाळ्यात आणि वसंतात, भूमध्य समुद्राच्या बाजूने येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांमुळे. २१ डिसेंबरपासूनच्या कडाक्याच्या चाळीस दिवसांना तिथे 'चिल्लई कलान' म्हणतात. त्या दिवसांत डोंगरावर साठलेला बर्फ उन्हाळ्यात वितळतो आणि भातखाचरांना पाणी पुरवतो. म्हणजे बर्फ हा खोऱ्याचा पाण्याचा साठाच. तोच अवेळी आला तर घात करतो. नोव्हेंबर २०१९मध्ये पाने न गळलेल्या सफरचंदाच्या झाडांवर बर्फ साचला आणि फांद्या मोडल्या.

दुसरी भीती पुराची. चहूबाजूंच्या डोंगरांतून उतरणारे पाणी झेलममध्ये येते आणि बारामुल्लाजवळच्या एकाच अरुंद वाटेने बाहेर पडते. ही वाट तुंबली की खोऱ्याचे तळे होते. नवव्या शतकात, अवंतिवर्मा राजाच्या काळी, सुय्य नावाच्या माणसाने नेमके हे ओळखले. कल्हण सांगतो, की त्याने नदीत नाणी फेकली. ती शोधण्यासाठी भुकेल्या लोकांनी पात्रातले दगड उपसून काढले. मग बांध घालून त्याने तळ साफ केला आणि दरडी पात्रात येऊ नयेत म्हणून दगडी भिंती बांधल्या. पूर्वी सुकाळातही २०० दिन्नारांना मिळणारी खारीभर साळ पुढे ३६ दिन्नारांना मिळू लागली. आजचे सोपोर गाव सुय्याचेच नाव सांगते.

पूर मात्र थांबले नाहीत. १९०३च्या महापुरानंतर श्रीनगरला वळसा घालणारा कालवा खोदला गेला. तरीही सप्टेंबर २०१४मध्ये मोसमी पाऊस आणि पश्चिमी विक्षोभ एकत्र आले आणि श्रीनगरचा मोठा भाग पाण्याखाली गेला. मधल्या काळात पाणथळ जागा बुजल्या होत्या, पाणी सामावून घेणारी जमीन कमी झाली होती.

पाऊस किती पडावा हे सुय्याच्या हाती नव्हते, आपल्याही नाही. पडलेल्या पाण्याला वाट आणि जागा ठेवणे मात्र त्याला जमले. आपल्या गावातल्या ओढ्याची वाट पूर्वी कुठून जात होती, हे विद्यार्थ्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहावे. इतिहासाचा हा धडा तिथूनही सुरू करता येईल.