बेटकुळी

लातूरच्या तालमीत पोरगं कोपर दुमडून दंड दाखवतं तेव्हा वर येते ती बेटकुळी. मूळ बेडकुळी, म्हणजे छोटी बेडकी; कातडीखाली दबा धरून बसलेली! ग्रीकांना तिथे उंदीर दिसला. त्यांच्या 'मिस' शब्दाचे अर्थ दोन: उंदीर आणि स्नायू. हाच उंदीर 'मायोकाइन'मध्ये शिरलाय. राबता स्नायू रक्तात सोडतो ते हे निरोपे. त्यातला इंटरल्यूकिन-६ चरबीला साठा मोकळा करायला लावतो. २०१२ साली हार्वर्डच्या ब्रूस स्पीगेलमन यांच्या गटाने आणखी एक मांडला, आयरिसिन. नाव देवांचे निरोप नेणाऱ्या आयरिसचं. उंदरांत त्याने पांढरी चरबी तपकिरीसारखी ऊब देऊ लागली. माणसांत किती, यावर वाद आहे. मला आपली बेडकीच पटते. दंड सैल सोडला की खरंच बुडी मारते.