कुत्र्याची वहिवाट

दक्षिण इंग्लंडमध्ये रविवारी सकाळी कुठल्याही खडूच्या डोंगरावर जा, जवळपास माणसांइतकीच कुत्री भेटतात. साउथ डाउन्स, नॉर्थ डाउन्स, चिल्टर्न्स, विल्टशरची पठारं, सगळ्यांचा दगड एकच: कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचलेल्या सूक्ष्म शैवालकवचांचा पांढरा, ठिसूळ थर. पाऊस झाला की वाटेचा लगदा होतो, कुत्र्याच्या बोटांमधल्या केसांत शिरतो आणि वाळला की त्याचे खडे होतात. खडूतून वर आलेल्या चकमकीच्या दगडांची धार पंजाच्या गाद्या कापते ती वेगळीच. तरीही सगळं इतकं निवांत दिसतं, की हे अनादि काळापासून असंच चालत आलं असावं असं वाटतं. प्रत्यक्षात साध्या माणसाने कुत्रं घेऊन रानातून फिरणं या देशात सहाशे वर्षं तरी संशयास्पद मानलं जात होतं.

सुरुवात राजाच्या हरणांपासून. 'फॉरेस्ट' म्हणजे तेव्हा राजाच्या शिकारीसाठी राखलेला मुलूख. त्यात झाडं कमी आणि गावं जास्त असली तरी कायदा तोच. तिथे कुत्रं पाळायचं तर त्याच्या पुढच्या पायाची तीन नखं छाटून घ्यावी लागत, म्हणजे ते हरणामागे धावू शकणार नाही. १२१७ च्या 'चार्टर ऑफ द फॉरेस्ट'मध्ये याचे नियम आहेत: गादी कापायची नाही, तपासणी दर तीन वर्षांनी, नखं न छाटलेलं कुत्रं सापडलं तर मालकाला तीन शिलिंग दंड. आणि हा जुलमाचा नव्हे, सवलतीचा दस्तऐवज! त्याआधी दंडापोटी बैल ओढून नेत, ते या चार्टरने थांबवलं. न्यू फॉरेस्टमधल्या लिंडहर्स्टला एक मोठी रिकीब ठेवली आहे. तिच्यातून निघेल एवढं लहान कुत्रं असेल तर त्याची नखं वाचत, असं सांगतात. रिकीब अकराव्या शतकातल्या विल्यम रूफसची म्हणून दाखवतात, पण आहे ती ट्यूडर काळातली. दंतकथेला तेवढं चालतं.

पुढे राजाची जागा जमीनदारांनी घेतली. १६७१ च्या शिकार कायद्याने ठरवलं, की वर्षाला १०० पौंड उत्पन्नाची स्वतःची जमीन नसेल त्याने ग्रेहाउंड, लर्चर, सेटिंग डॉग बाळगायचे नाहीत. पार्लमेंटच्या निवडणुकीत परगण्यात मत द्यायला ४० शिलिंगांची, म्हणजे दोन पौंडांची, जमीन पुरत असे. थोडक्यात, मतापेक्षा शिकारी कुत्रं पन्नास पट महाग. जमीनदाराच्या गेमकीपरला गरिबाच्या घराची झडती घेऊन कुत्रं जप्त करता येई. ही पात्रतेची अट सुटली ती थेट १८३१ मध्ये.

या सगळ्या काळात डाउन्सवर उजळ माथ्याने हिंडणारं कुत्रं एकच, मेंढपाळाचं. त्याच्याकडे काम होतं. दिवसा कळप डोंगरावर चारायचा आणि रात्री खालच्या शेतात आणून बसवायचा, म्हणजे लेंडीखत आयतं पडतं. आपल्याकडे धनगरांचे कळप शेतात बसवतात तसंच. आज चालणाऱ्याच्या पायाला गालिच्यासारखं लागणारं गवत निसर्गाने नव्हे, शतकानुशतकं चरणाऱ्या मेंढ्यांनी घडवलंय. डब्ल्यू. एच. हडसन यांनी 'अ शेपर्ड्स लाइफ' या १९१० च्या पुस्तकात विल्टशरच्या मेंढपाळांबरोबर त्यांच्या कुत्र्यांचीही चरित्रं लिहिली. तोवर ते जग विझत आलं होतं. दुसऱ्या महायुद्धात धान्यासाठी डाउन्सवर नांगर फिरला आणि ते आणखी आकसलं.

मग बिनकामाचं कुत्रं या डोंगरांवर कधी आलं? मला त्याचा पूर्वज म्हणून पॉली दाखवावीशी वाटते. केंटमधल्या खडूच्या पठारावर डाउन गावी चार्ल्स डार्विन १८४२ पासून राहात होता. घरामागे 'सँडवॉक' नावाची वाट होती, तिच्यावर तो रोज ठरलेल्या फेऱ्या मारी. फेऱ्या मोजायला वाटेवर चकमकीचे दगड रचून ठेवायचे आणि दर फेरीला एक लाथेने उडवायचा. म्हातारपणी त्याच्याबरोबर ही पांढरी टेरियर असे. मूळची ती मुलगी हेन्रिएटाची. १८७१ मध्ये तिचं लग्न झालं आणि पॉली बापाच्या वाट्याला आली. भावनांच्या आविष्कारावरच्या डार्विनच्या १८७२ च्या पुस्तकात तिचं चित्रही आहे. ती ना मेंढ्या राखी, ना ससे आणी. सोबत चालायचं, एवढंच तिचं काम.

पण डार्विन चालत होता ती खाजगी वाट. बाकीच्यांना दुसऱ्याच्या शेतातून जाणाऱ्या वाटांवर हक्क हवा होता, आणि १८१५ च्या कायद्याने तर दोन न्यायाधीशांनी 'अनावश्यक' ठरवली की पायवाट बंद करता येत होती. हे न्यायाधीश बहुधा जमीनदारच! डाव उलटला तो १९३२ च्या राइट्स ऑफ वे कायद्याने: लोक वीस वर्षं बिनहरकत चालत असतील तर वाट सार्वजनिक. वहिवाटीची ही वीस वर्षं आपल्यालाही परकी नाहीत. १८८२ च्या ईझमेंट कायद्यात तीच मुदत आहे. १९४९ च्या कायद्याने या वाटा नकाशावर चढवायला लावल्या आणि तोच नकाशा पुरावा ठरला.

त्या कायद्यात पायवाटेची व्याख्या आहे 'फक्त पायी' जाण्याचा हक्क. चार पायांचं काय, यावर व्याख्या गप्प आहे. वकिलांचं म्हणणं, कुत्रं ही चालणाऱ्याच्या सोबत नेहमी असणारी गोष्ट, बाबागाडीच्या पंगतीतली. म्हणजे त्याला स्वतःचा हक्क नाही, मालकाच्या सामानात ते मोडतं.

२००० च्या कायद्याने डाउन्ससारख्या मोकळ्या जमिनींवर वाट सोडूनही हिंडायची मुभा दिली, तेव्हा मात्र कुत्र्याला नियम लागला. १ मार्च ते ३१ जुलै पट्टा दोन मीटरच्या आत, आणि गुरंमेंढ्या जवळ असतील तर बारा महिने. मार्च ते जुलैची अट यासाठी, की चंडोल आणि टिटव्या तिथे जमिनीवरच अंडी घालतात. नोंदवलेल्या पायवाटेवर मात्र अशी सरसकट सक्ती नाही, तिथे कुत्रं ताब्यात असलं की झालं. त्यामुळे एकाच माळावर वाटेवरचं कुत्रं मोकळं आणि चार पावलं बाजूला गेलेलं बांधलेलं, असा प्रकार होतो. मेंढ्यांच्या मागे लागलं तर १९५३ पासून तो मालकाचा गुन्हा आहे.

शेणखताचा न्याय इथे उलटा चालतो, हेही सांगायला हवं. खडूवरची माती पातळ आणि निकस, म्हणूनच तिच्यावर एका चौरस मीटरला चाळीसपर्यंत जातींची रोपं दाटीवाटीने जगतात. कुत्र्याच्या विष्ठेने ती सकस झाली की दांडगं गवत माजतं आणि नाजूक फुलझाडं हटतात. पिशवीत भरून ती पिशवी हॉथॉर्नच्या फांदीला अडकवून जाणारे महाभाग आहेतच. त्यांच्यासाठी तीन शिलिंगांचा दंड पुन्हा आणायला माझी हरकत नाही.

राहता राहिलं कुंपण. पायवाट आडवी आली की शेतकरी तिथे चढून उतरायला लाकडी फळ्यांची पायरी ठोकतो. तीस किलोचं लॅब्राडोर तिथे अडतं. मग मालक त्याला कवेत घेऊन वर ढकलतो आणि दोघेही चिखलात माखतात. कुठे पायरीशेजारी कुत्र्यासाठी सरकती फळी असते: वरच्या टोकाला धरून उचलायची, कुत्रं खालून निघालं की सोडायची. ही सोय शेतकऱ्याची मर्जी. पायरी दुरुस्त ठेवणं त्याच्यावर बंधनकारक आहे, फळी बसवणं नाही. अलीकडे ५७०९ क्रमांकाच्या ब्रिटिश स्टँडर्डनुसार शक्य तिथे मोकळी फट, नाहीतर फाटक, आणि पायरी अगदी शेवटी, असा क्रम धरतात. हे केलंय म्हाताऱ्या आणि अपंग माणसांसाठी. कुत्र्यांचं त्यात आयतं साधतं. मेंढ्या चरतात तिथे फट चालत नाही, तेव्हा डाउन्सवर बहुतेक फाटकंच बसतात. ती आपल्यामागे लावून घ्यायची असतात.